आत्याबाईंचा शेवटचा बाइट

राजीनामा मी दिला, पण नोकरी गेली ती माझ्या सासूची.

वीसेक वर्षं मी एका मराठी वृत्तवाहिनीची सुरतेतली बातमीदार होते. सुरतेत मराठी वाहिनीला काय काम, असं मुंबईचे लोक अजून विचारतात. त्यांनी एकदा संध्याकाळी इथल्या उधना भागात भाजी घ्यायला यावं. अर्धा खान्देश इथे साड्या विणतो, रंगवतो, घड्या घालतो आणि भरताच्या वांग्यावरून भाजीवाल्याशी अहिराणीत भांडतो. तापी आमच्याच मुलखातून वाहत इकडे येते, आम्ही तिच्या मागोमाग आलो एवढंच.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी नोकरी धरली तेव्हा आत्याबाईंचा तिला कडवा विरोध होता. सुनेनं हातात दांडा घेऊन रस्त्यात उभं राहायचं आणि परक्या माणसांना "काय वाटतं" म्हणून विचारायचं, हे काय काम झालं? आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. लूमवाल्याच्या, म्हणजे यंत्रमागवाल्याच्या, घरात न बोलणं ही फार मोठी शिक्षा असते. मामंजींनी जन्मभर लूम चालवले आणि त्या खटखटाटात घरातल्या सगळ्यांचेच आवाज वाढून बसले. आमच्या घरात कुणी कुजबुजलं तरी समोरच्या गल्लीत ऐकू जातं.

मग आली माझी पहिली बातमी. विषय कांद्याचा भाव. पुढे कळलं की विषय नेहमी कांद्याचाच भाव असतो. उधन्याच्या बाजारात मी माईक घेऊन उभी, शेजारी कॅमेरामन, आणि समोरच्या बायका पदर तोंडावर ओढून अशा पळतायत जणू मी चाकूच काढलाय. तासभर हेच चाललं. डेस्कचा, म्हणजे मुंबईच्या ऑफिसचा, सारखा फोन. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात गर्दीतून एक हात आला, त्यानं माझं मनगट धरलं आणि माईक स्वतःच्या तोंडाशी नेला. मेथी घ्यायला आलेल्या आत्याबाई!

"कांदा कापाना पहिलेच डोयामा पानी येस," त्या कडाडल्या. "लिखी ले."

लिहून काय घेणार, कॅमेरा चालू होता. पण त्या वाक्यानं डेस्क खूष झालं. दिवसभर दर तासाच्या बातम्यांत आत्याबाई न रडताच रडत होत्या. संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या घरात टीव्हीसमोर बसली. खाली मराठीत अक्षरं उमटायची तेवढी आत्याबाईंना झोंबली. "मी काय विंग्रजी बोली ऱ्हायनू का?" असं त्यांनी टीव्हीलाच विचारलं. विरोध तिथे संपला आणि कारकीर्द सुरू झाली.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे आत्याबाई. गॅस महागला, त्या गृहिणी. ऊन वाढलं, त्या ज्येष्ठ नागरिक. निवडणूक आली की शाई लावलेलं बोट पहिलं त्यांचं. परीक्षेचे निकाल लागले तेव्हा त्या पालक म्हणूनही बोलून गेल्या. आमच्या घरात त्या वर्षी परीक्षेला कुणीच बसलं नव्हतं. मी त्यांना बोलवत नसे हो! त्या यायच्या. मी बाजारात निघाले की त्यांना नेमकी कोथिंबीर आठवायची. एकदा एका कारखान्याचा पत्रा उडाला तेव्हा प्रत्यक्षदर्शी व्हायलाही निघाल्या होत्या. पण ते मी होऊ दिलं नाही, तेवढं इमान राखलं. दोन दिवस रुसल्या.

डेस्कवरचे बदलत राहिले. कुणी नवीन आलं की महिन्याभरात फोन यायचाच, "मॅडम, सुरतेत दुसरी बाई नाही का?" मी म्हणायची, आहेत की, पण त्या पळतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काळा चष्मा लावून त्यांनी एक अख्खा महिना वेगळी बाई म्हणून काढला. तो त्यांचा सगळ्यात आवडता महिना.

आमचा कॅमेरामन पक्का सुरती. मराठी त्याला कळतं, पण बोलायचा कंटाळा. गर्दी पांगली, कुणी बोलायला तयार नाही, की तो कॅमेरा खांद्यावरून उतरवून म्हणायचा, "बेन, माजी ने बोलावो ने!" माजी म्हणजे आत्याबाई. बोलवायची गरज नसायची, त्या मागेच उभ्या असायच्या. माईक मात्र तो त्यांच्यापासून हातभर लांब धरायला लावायचा. जवळ धरला की त्याच्या कानातलं यंत्र किंचाळायचं.

मी शिकवलं म्हणा किंवा लोक बघून शिकले म्हणा, हळूहळू आमची सगळी गल्लीच बाइट द्यायला शिकली. बाइट म्हणजे बातमीत माणूस बोलतो तो तुकडा. दोन वाक्यांपेक्षा मोठा चालत नाही. मी प्रत्येकाला एकच सूचना द्यायची, "कॅमेऱ्याकडे नको, माझ्याकडे बघा." परिणाम असा झाला की गल्लीत माझ्याशी कुणी साधं बोलेना. शेजारणीला विचारावं, पाणी आलं का? तर ती पदर नीट करणार, हनुवटी जराशी वर घेणार आणि म्हणणार, "पाणी आलेलं आहे. मात्र दाब कमी असल्यानं नागरिकांत नाराजी आहे." नागरिक म्हणजे ती आणि तिची जाऊ.

घरी मात्र माझं बोलणं जेमतेम. जेवताना ताटाशेजारी फोन, फोनमध्ये डेस्क, डेस्कला घाई. आत्याबाई काही सांगत असायच्या, मी "हं" म्हणायची. त्या पुढे सांगायच्या, मी पुढचं "हं" म्हणायची. सगळ्याच बातमीदारांच्या घरी असं चालतं, असं मी धरून चालले होते.

आता राजीनाम्याचं सांगते.

पुन्हा तोच बाजार, पुन्हा तोच कांदा. मी लाइव्ह होते. एका कानात मुंबईचा अँकर, दुसरा कान उघडा. अँकरनं विचारलं, "तिथली परिस्थिती नेमकी कशी आहे?" मी चेहरा गंभीर केला. तो मला झोपेतही करता येतो. "परिस्थिती चिंताजनक आहे," एवढं म्हणाले आणि उघड्या कानात आत्याबाईंचा आवाज आला. माझ्या पाठीमागे त्यांनी बाजारातल्या दोन नवख्या बायकांची शिकवणी लावली होती.

"पहिले नाव सांगानं, मंग दुःख सांगानं. नि दुःख लांबाडू नको माय, त्या कापी टाकतस!"

मला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोटातून. मी ओठ चावले, खोकल्याचं सोंग केलं, पण चिंताजनक परिस्थितीचा पुढचा शब्द काही तोंडातून येईना. अँकर विचारतोय, "ऐकू येतंय का?" येत होतं ना, दोन्ही कानांनी येत होतं, तीच तर अडचण! मी हसतेय म्हटल्यावर कॅमेरामन हसायला लागला आणि अख्ख्या महाराष्ट्राला उधन्याचा बाजार गदगदा हलताना दिसला. शेवटी अँकर म्हणाला, "संपर्क तुटल्याचं दिसतंय."

"बेन, तबियत तो हारी छे ने?" कॅमेरामननं डोळे पुसत विचारलं.

तब्येत फार म्हणजे फारच चांगली होती. मुंबईहून साहेबांचा फोन आला. "नेटवर्कचा काही प्रॉब्लेम होता का?"

"नव्हता. मला हसू आलं."

"कांद्यावर?"

त्यांना काय सांगणार! तिथल्या तिथे मला लख्ख कळलं की माझं झालं. पहिले नाव सांगायचं, मग दुःख, आणि ते लांबवायचं नाही. वीस वर्षांच्या माझ्या कामाचं एवढं नेमकं वर्णन मला कधी करता आलं नसतं. आणि ज्या माणसाला आपल्याच कामाचं असं हसू येतं, त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा गंभीर चेहरा करून उभं राहू नये. आम्ही दोघं लोचोच्या, म्हणजे लोणी घातलेल्या वाफाळत्या सुरती नाश्त्याच्या, गाडीवर गेलो. कॅमेरामन दुसरी प्लेट सांगेपर्यंत मी फोनवर राजीनामा लिहून धाडलासुद्धा. फोनच्या पडद्याला लोणी लागलं होतं, त्यामुळे "वैयक्तिक कारणांमुळे" हे शब्द तीनतीनदा लिहावे लागले. त्या शब्दांत एवढी मजा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. परत येताना मी कॅमेरामनच्या मोटारसायकलवर मागे बसून मोठ्यानं गात होते. सिग्नलला लोक वळून बघत होते, ओळखत होते, आणि मी त्यांना हात करत होते. शाळा सुटल्यासारखी मी सुटले होते.

ही धुंदी घराच्या दारापर्यंत टिकली. दारात आत्याबाई उभ्या होत्या.

"मन्हा नंबरच नही लागना आज," त्या कुरकुरल्या. "हसत काय बठनी व्हती?"

आणि माझ्या लक्षात आलं की मी सुटले, पण आता ह्यांचं काय? गल्लीत त्यांना "टीव्हीवाली आजी" म्हणतात. माझं पद मी सोडलं, त्यांचं मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?

नवरा सुरतेजवळच्या सचिन नावाच्या गावी एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, आहे. त्याला सांगितलं तर तो खळखळून हसला. म्हणाला, "सोड, बिनधास्त सोड. मी आहे." मग बूट घालता घालता म्हणाला, "पण आईला तू सांग." सचिनला जायची एवढी घाई त्याला कधी झालेली मी पाहिली नव्हती.

नोटिशीचा महिना मी दोन प्रकारांत काढला. बाहेर नुसती उडत होते, घरात मांजरीसारखी दबकत होते. एकदा त्या भाकरी थापत असताना सुरुवात केली, "आत्याबाई, एक सांगायचं होतं." त्यांनी पिठाचे हात झटकले, कपाटातून नवी कोरी साडी काढली आणि म्हणाल्या, "कानबाईले हाई नेसू का? बारीक चौकडा नही ना शे? बारीक चौकडा कॅमेरामा नाचस." बारीक चौकटी पडद्यावर थरथरतात, हे त्या केव्हाच शिकल्या होत्या. मी म्हटलं, छान आहे, नाचणार नाही. पुन्हा एकदा ओट्यावरच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, त्यांच्या शेजारी जाऊन बसले, मनाची तयारी केली, तोंड उघडलं, तर त्या समोरच्या बाईला सांगत होत्या, "मन्हं नि सूननं टीव्हीमा चांगलं चाली ऱ्हायनं." हिंचक्याला एक झोका देऊन मी उठले.

कानबाई ही आम्हा खान्देशी माणसांची श्रावणातली देवी. रविवारी घरोघर बसते, रोटांचा नैवेद्य खाते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत निघते. उधन्यात त्या सकाळी रस्ता आमचा असतो. माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस नेमका त्या सोमवारी आला. डेस्कनं सांगितलं, मिरवणूक करा, एक बाइट घ्या, माईक कुरिअर करा. कानबाईचा बाइट दर वर्षी आत्याबाईंचा, हे डेस्कलाही पाठ होतं.

काय ती सकाळ! बायकांच्या डोक्यावर पाटावर बसलेल्या नटलेल्या कानबाया, नथी लखलखतायत, बँडवाला जीव तोडून सिनेमातली गाणी वाजवतोय, रस्त्याच्या मधोमध फुगड्या, आणि फुगड्यांपायी अडकलेली सिटी बस. बसचा ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवत होता, मग तालावर हॉर्न वाजवायला लागला. दर वर्षी मी हे सगळं बाहेरून सांगायची, "खान्देशी बांधवांमध्ये मोठा उत्साह." त्या दिवशी माझे पायच ऐकेनात. बोलता बोलता मी नाचायला लागले, एका हातात माईक, दुसऱ्या हातात पदर. कॅमेरामन ओरडला, "बेन, फ्रेममां रहो!" फ्रेमला कोण विचारतंय!

मग आत्याबाई आल्या. नवी साडी, अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या आपल्या जागी उभ्या राहिल्या, उन्हाकडे तोंड करून. ती जागाही त्या स्वतःच ठरवायच्या. माझं हसू विरलं. हा त्यांचा शेवटचा बाइट, आणि त्यांना ते ठाऊक नाही. मी माईक पुढे केला. "आत्याबाई, कसं वाटतंय?"

त्यांनी माईक घेतला. हातातून सरळ काढूनच घेतला. उलटा केला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"आज मी इचारस. तू नोकरी सोडी ऱ्हायनी. तुले कसं वाटी ऱ्हायनं?"

मी कॅमेरामनकडे बघितलं. त्यानं डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये असा खुपसला की जणू तो घरीच नाही. म्हणजे पठ्ठ्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. आणि ह्या बाईनं अख्खा महिना ताकास तूर लागू दिला नव्हता! साडी काय दाखवली, चौकडा काय विचारला, हिंचक्यावर मला ऐकू जाईल असं काय बोलल्या!

"तथा नको दखू," आत्याबाई म्हणाल्या. "मन्हाकडे दख."

माझीच सूचना. मी त्यांच्याकडे बघितलं. कोण जाणे किती लोकांना मी हा प्रश्न विचारला असेन, पूर बघून, लग्न बघून, निकाल बघून. मला कुणी विचारला नव्हता. दोन वाक्यं जुळवायला गेले तर मराठी सापडेना. टीव्हीसाठी घासूनपुसून ठेवलेली ती भाषा, आणि वेळेला कुठे गेली कोण जाणे. तोंडातून घरचंच आलं.

"भलतं हलकं वाटी ऱ्हायनं, आत्याबाई. नि धाक बी वाटस. पन तुमनं काय? आते तुमी टीव्हीमा नही येनार."

"टीव्हीनं माले काय करानं शे?" त्या बँडच्याही वर ओरडल्या. आजूबाजूच्या फुगड्या थांबल्या. "तू माईक धरस तवयच मन्हाकडे दखस. घरमा तुन्हा डोया फोनमा. बजारमा तू माले इचारस, 'कसं वाटस, आत्याबाई,' नि सरकी दखस मन्हाकडे. म्हनीसन मी येत व्हतू. कांदा काय, माले कांदाना भाव बी ठाऊक नही, भाजी तर तुन्हा नवराच आनस."

मी हसायला लागले. तेच बाजारातलं हसू, पोटातून, फक्त ह्या खेपेला डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वीस वर्षांची कोथिंबीर, मेथी, काळा चष्मा आणि पालक होणं! मला वाटत होतं ह्या बाईला टीव्हीचं वेड आहे. त्या माझ्यासाठी येत होत्या. मी एक मिनिट समोर बघावं म्हणून गुडघे दुखत असताना उन्हात रांगेत उभ्या राहत होत्या.

आत्याबाईंनी माईक अजून माझ्यासमोरच धरला होता. आवाज त्यांनी खाली आणला. त्यांचा खालचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"हाऊ दांडा तू परत देनार," त्या म्हणाल्या. "मंग माले कोन इचारी?"

मी त्यांच्या हातातला माईक काढून कॅमेरामनच्या हातात कोंबला, त्यांचे दोन्ही हात धरले आणि फुगडी घातली. गुडघ्यांमुळे ती अर्ध्याच वेगाची झाली, पण झाली. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

डेस्कनं त्या दिवशी फुगडीचे काही क्षण दाखवले. त्यात आत्याबाईंची पाठ आणि माझा अंबाडा सुटलेला दिसतो. पाठच दाखवली म्हणून त्या संध्याकाळपर्यंत धुमसत होत्या. टीव्हीनं काय करायचंय म्हणणारी हीच बाई!

दुसऱ्या दिवशी मी माईक गुंडाळून कुरिअरला दिला. घरी आले तर आत्याबाई चहा टाकत होत्या. फोन मी आतल्या खोलीत ठेवला, त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि विचारलं, "आत्याबाई, कसं वाटी ऱ्हायनं?"

त्यांनी पदर सारखा केला. हनुवटी जराशी वर घेतली. "पहिले गुडघानं सांगस," असं म्हणून सुरुवात केली. गुडघ्यावरून त्या मामंजींच्या लूमवर गेल्या, तिथून माहेरच्या नदीवर, तिथून एका बहिणीवर. ही बहीण मला आजवर ठाऊकच नव्हती. मध्ये एकदा त्या सवयीनं थांबल्या आणि विचारलं, "लांबी गयं का?"

"नाही," मी म्हटलं. "सांगा तुम्ही."

दूध उतू गेलं, तरी त्या सांगतच होत्या.